‘मंडे सिम्प्टम : अ‍ॅबसेंट’ – सूतगिरणीतल्या एका छातीच्या दाव्याचे प्रकरण

गिरणीने नेमलेल्या छातीविकारतज्ज्ञांचा अहवाल दीड पानाचा होता आणि त्यातली एकच ओळ गिरणीच्या कामाची होती: ‘मंडे सिम्प्टम : अ‍ॅबसेंट’. अर्जदाराला सोमवारी त्रास होत नाही. सोमवारी त्रास होत नाही म्हणजे बिसिनोसिस (कापसाच्या धुळीने होणारा छातीचा रोग) नाही. बिसिनोसिस नाही म्हणजे नुकसानभरपाई नाही. लेखी कैफियतीची सात पाने या ओळीभोवती रचली होती.

माझे काम वकिलांना वैद्यकीय कागद वाचून देण्याचे आहे. एमबीबीएसनंतर एलएलबी केले, पण कोर्टात उभा राहत नाही. फाइल येते, मी केसपेपर लावून घेतो, कोणत्या तारखेला कोणी काय लिहिले आणि काय लिहायचे राहिले ते सांगतो. सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या कामगारांच्या फायली बहुतेक तुटलेल्या बोटांच्या आणि भाजलेल्या हातांच्या. छातीची फाइल क्वचित येते. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून या गावाने किती कापूस पिंजला असेल, त्या मानाने फारच क्वचित. तुटलेले बोट न्यायाधीशांना दिसते. छाती कागदावरच दाखवावी लागते. या लेखात एकाहून अधिक प्रकरणांतले तपशील एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे सगळे बदलले आहे. कायदा आणि वैद्यक मात्र आहे तसे आहे.

अर्जदार शहराच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. २००१ साली तो जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागला, तीन वर्षांनी कायम झाला. आधी ब्लोरूम, मग कार्डिंग. सूतगिरणीत धूळ सगळीकडेच असते, पण या दोन खात्यांत गाठी फोडल्या जातात आणि कापूस पिंजला जातो. बोंडाच्या सालपटांचा, पानांचा चुरा आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंचे विष असलेली बारीक धूळ सर्वांत जास्त इथेच उडते. पुढे रिंग फ्रेमला, आणि त्याहून पुढे विणकामाला, धूळ कमी होत जाते. त्यामुळे ‘गिरणीत होता’ एवढे पुरत नाही. कोणत्या खात्यात होता हा पहिला प्रश्न. त्याच्या कोणत्याही केसपेपरवर खाते लिहिलेले नव्हते. व्यवसायाच्या रकान्यात एके ठिकाणी ‘मजुरी’, एके ठिकाणी ‘सर्व्हिस’ आणि एका ठिकाणी नुसतीच आडवी रेघ.

२०१२ पासून खोकला, २०१४ पासून दम. २०१५ साली थुंकीच्या दोन तपासण्या निगेटिव्ह आल्या तरी एका डॉक्टरांनी सहा महिने टीबीची औषधे दिली. आपल्याकडे हे सर्रास होते. खोकणारा, बारीक झालेला कामगार समोर आला की औषध सुरू करून पाहायचे. फरक पडला नाही. २०१७ साली इनहेलर आला, तो महाग पडत होता म्हणून त्रास वाढला की घ्यायचा आणि एरवी घराजवळच्या जनरल प्रॅक्टिशनरकडे जाऊन वाफ घ्यायची. डिसेंबर २०१९ मध्ये तो साडेतीन आठवडे घरी होता. ५ मार्च २०२० पासून जो घरी बसला तो परत गेलाच नाही. वीस दिवसांत टाळेबंदी लागली. कोविडच्या काळात स्पायरोमेट्री सगळीकडेच थांबली होती, म्हणून फुंकर मारण्याची ती तपासणी जानेवारी २०२१ मध्ये झाली. एफईव्ही१, म्हणजे जोर लावून सोडलेल्या श्वासाचा पहिल्या सेकंदातला भाग, १.४ लिटर भरला. त्याच्या वय-उंचीला जेवढा हवा त्याच्या ५२ टक्के. पूर्ण सोडलेल्या श्वासाशी त्याचे प्रमाण ०.५८, हे ०.७०च्या खाली असले की श्वासनलिकांत अडथळा आहे असे समजतात. वाफ देऊन पुन्हा फुंकायला लावले तरी आकडा फारसा हलला नाही.

अडथळा आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होते. तो कशामुळे, हा वाद.

इथे वैद्यकाची एक अडचण स्पष्ट सांगायला हवी. कापसाच्या धुळीने बिघडलेले आणि विडी-सिगारेटने बिघडलेले फुप्फुस शेवटच्या टप्प्यात स्पायरोमेट्रीवर सारखेच दिसते. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिससारख्या गाठी एक्सरेत दिसत नाहीत. रक्ताची अशी कुठली तपासणी नाही की जिच्यावर शिक्का मारता येईल. निदान उभे राहते ते रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवर. त्यामुळे हकीकत कोणी, कशी विचारली यावर सगळा दावा तरतो किंवा बुडतो.

कायदा मात्र या बाबतीत कामगाराच्या बाजूला झुकलेला आहे. ही गिरणी ज्या गावाच्या हद्दीत होती ते गाव तेव्हा ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) अधिसूचित क्षेत्रात नव्हते, म्हणून दावा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खाली, आयुक्तांसमोर. त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोग तीन भागांत दिले आहेत. कापूस, जवस, ताग-अंबाडीसारख्या धाग्यांच्या धुळीने होणारे श्वसनरोग, म्हणजेच बिसिनोसिस, ‘क’ भागात येतो. कलम ३(२) सांगते की अशा कामात ठरलेला काळ काढलेल्या कर्मचाऱ्याला हा रोग झाला तर तो अपघाताने झालेली इजा धरायचा, आणि उलट सिद्ध होईपर्यंत तो कामामुळेच झाला असे समजायचे. उलट सिद्ध करायचे ते मालकाने. (नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्यातही व्यावसायिक रोगांची यादी तिसऱ्या अनुसूचीतच आहे, हे प्रकरण जुन्या कायद्याखालचे.)

म्हणजे कामगाराने दोनच गोष्टी दाखवायच्या: काम धुळीचे होते, आणि झालेला रोग हाच आहे. गिरणीचा वकील मुरलेला होता. पहिली गोष्ट त्याने नाकारली नाही, सगळा जोर दुसरीवर लावला. ‘मंडे सिम्प्टम : अ‍ॅबसेंट.’

गुरुवारची सुट्टी

फाइल पहिल्यांदा चाळली तेव्हा मलाही ती ओळ जड वाटली. बिसिनोसिसची ओळख पुस्तकात तशीच दिलेली असते. आठवड्याच्या सुट्टीत छाती मोकळी होते, सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी काही तासांत आवळून येते, मग आठवडाभर हळूहळू सैल पडते. रिचर्ड शिलिंग यांनी लँकशायरच्या गिरण्यांत कामगार तपासून याच्या पायऱ्या बसवल्या. पहिल्या कामाच्या दिवशी कधीमधी त्रास, मग दर पहिल्या दिवशी, मग पहिल्या दिवसाबरोबर इतर दिवशीही, आणि शेवटी फुप्फुसाची कायमची हानी. लँकशायरला रविवारी गिरण्या बंद, म्हणून त्रास सोमवारी. जगभरच्या छापील फॉर्मांत तोच सोमवार उतरला.

अर्जदाराच्या वकीलबाईंनी त्याला माझ्याकडे पाठवले तेव्हा बरोबर बायको होती. तो स्वतः चार शब्द बोलून थांबायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचे चार. मी विचारले, “सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कसं वाटायचं?” त्याने हाताने छातीभोवती दोरी आवळल्याची खूण केली. “बांधल्यागत होतंय, साहेब. दुपारी दोनच्या पुढं.”

“मग त्या डॉक्टरसाहेबांना नाही का म्हणालात?”

“ते सोमवारी होतंय का म्हणाले. सोमवारी नाही होत.”

बायकोने त्याच्याकडे असे पाहिले की मी नसतो तर दोन शब्द ऐकवले असते. “ह्यांची सुट्टी बेस्तवारी असायची,” ती म्हणाली. “शुक्रवारी संध्याकाळी ह्यांचा जीव जातोय की काय असं व्हायचं. सोमवार आला की बरे असायचे.”

सूतगिरणी आठवड्याचे सातही दिवस, तिन्ही पाळ्या चालते. यंत्रे बंद करून पुन्हा चालू करणे परवडत नाही. तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आठवड्याची सुट्टी द्यावी लागायची, ती खात्याखात्याने फिरवून दिली जायची. या माणसाची सुट्टी कित्येक वर्षे गुरुवारी होती, २०१९ मध्ये मंगळवारी झाली. त्याचा सोमवार हा कामाच्या आठवड्याचा चौथा दिवस, म्हणजे छाती त्यातल्या त्यात मोकळी असण्याचा. तज्ज्ञाच्या फॉर्मवरचे उत्तर खरे होते आणि त्यावरून काढलेला अर्थ उलटा.

पण ही बायकोने सांगितलेली हकीकत, आणि बायको म्हणजे कोर्टाच्या भाषेत हितसंबंधी साक्षीदार. शिवाय दावा लागल्यानंतर सांगितलेली. तेवढ्यावर आयुक्त काही विश्वास ठेवणार नव्हते आणि मीही ठेवा म्हणालो नसतो. कामगार नोकरीत असता तर त्याच्या हातात पीक फ्लो मीटर देऊन पाळीच्या आधी आणि नंतर फुंकायला लावले असते, दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले असते. तो काम सोडून वर्ष उलटले होते.

कंपाउंडरची वही

वाफ घ्यायला तो ज्या दवाखान्यात जायचा तिथे मी वकीलबाईंबरोबर गेलो. डॉक्टर भले गृहस्थ, पण समन्स म्हणताच चेहरा उतरला. कोर्टाची तारीख म्हणजे दवाखाना बंद, दिवस वाया, वर उलटतपासणीत कोणीतरी दरडावून बोलणार. कोणत्याही जीपीला हे नकोच असते. केसपेपर होते, पण बहुतेक रुग्णाच्या हातात दिलेले आणि हरवलेले. जे उरले होते त्यांवर औषधांची नावे होती, तक्रार नव्हती.

मग कंपाउंडरमामांनी टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली. वाफेचे पैसे तपासणी फीच्या वेगळे घेतले जात, रात्री गल्ला जुळवताना गोंधळ व्हायचा, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी वही घातली होती. तारीख, वेळ, नाव, पैसे. बाकी काही नाही. वैद्यकीय नोंद म्हणून ती शून्य किमतीची. आमच्या कामाला मात्र त्या खोलीतला दुसरा कोणताही कागद तिच्याइतका उपयोगी नव्हता, कारण ती लिहिताना दाव्याचा विचार कोणाच्याही डोक्यात नव्हता.

दुसरा निम्मा पुरावा गिरणीनेच दिला. अर्जदार नियमित कामावर येत होता, म्हणजे धडधाकट होता, हे दाखवायला त्यांनी २०१८ चे हजेरीपुस्तक दाखल केले. हजेरीपुस्तकात सुट्टीचे दिवस असतातच. वही आणि हजेरी शेजारी ठेवून मी तारखा लावत गेलो. त्या वर्षी त्याने तेवीस वेळा वाफ घेतली होती आणि त्यातल्या सोळा वेळा सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी. सहा कामाच्या दिवसांत सारख्या विभागल्या असत्या तर त्या दिवसाच्या वाट्याला चारेक यायला हव्या होत्या.

उरलेल्या सात नोंदींचेही काहीतरी कारण शोधावे असे वकीलबाईंच्या मनात आले. थंडी होती, धुके होते, रात्रपाळी होती. मी म्हटले, नका देऊ. सात वेळा तो इतर दिवशीही आला, शिलिंगच्या तिसऱ्या पायरीवर असेच होते. सगळ्या तेवीस जुळल्या असत्या तर मलाच शंका आली असती.

गिरणीच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे दोन हरकती घेतल्या. पहिली कायद्याची: तेव्हाच्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३४ खाली नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी ग्राह्य असल्या तरी निव्वळ त्यांच्यावर कोणावर दायित्व लादता येत नाही. बरोबर आहे. म्हणून कंपाउंडरमामांची साक्ष घेतली, हजेरीपुस्तक होतेच, आणि आमच्या तज्ज्ञांचे मत होते. दुसरी हरकत जास्त हुशार होती: सुट्टीनंतर कामावर जायला कोणाला आवडते? अंग चोरणारा कामगार त्याच दिवशी आजारी पडतो.

याचे उत्तर वहीतल्या वेळेच्या रकान्यात होते. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, गिरणीची बस शहरात यायला तासभर. त्या सोळा नोंदींपैकी बहुतेकांची वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा. हजेरीपुस्तकात त्या दिवशी पूर्ण पाळी भरलेली. अंग चोरायचे असते तर सकाळीच चिठ्ठी घेऊन घरी बसला असता. हा माणूस आठ तास राबून, मग वाफ घ्यायला येत होता. कंपाउंडरमामांना विचारले, इतक्या पेशंटांत हा कसा लक्षात राहिला? ते म्हणाले, “केसात कापूस असायचा त्यांच्या. मशीनचा मास्क लावायच्या आधी मी पुसून घ्या म्हणायचो.”

गिरणीच्या तज्ज्ञांची उलटतपासणी त्यानंतर पाच मिनिटांत संपली.

“शिलिंग यांच्या वर्गीकरणात सोमवार म्हणजे कोणता दिवस अभिप्रेत आहे?”

“सुट्टीनंतरचा पहिला कामाचा दिवस.”

“अर्जदाराची सुट्टी कोणत्या वारी असायची?”

“मला कल्पना नाही.”

“तपासताना विचारले होते?”

“फॉर्ममध्ये तो प्रश्न नाही.”

हे डॉक्टर लबाड होते असे मला अजिबात वाटत नाही. छापील फॉर्म समोर होता, बाहेर पंधरा पेशंट बसले होते, त्यांनी विचारले आणि मिळालेले उत्तर लिहिले. फेरतपासणीत त्यांनी स्वतःहून एक गोष्ट कबूल केली, ती त्यांच्या पदरात टाकली पाहिजे: रोग शेवटच्या पायरीवर पोचला की दम रोजचाच होतो आणि पहिल्या दिवसाचा फरक पुसट होत जातो, त्यामुळे ते लक्षण नसले म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. गिरणीच्या वकिलाला हे उत्तर नको होते.

धूळ किती होती याचे मोजमाप गिरणीने दिलेच नाही. कच्च्या कापसाच्या धुळीची तेव्हाच्या कारखाना कायद्यातली मर्यादा हवेच्या एका घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम होती. आम्ही मोजणीचे अहवाल मागितले, ते ‘उपलब्ध नाहीत’ असे लेखी आले. अशा उत्तराने आयुक्तांच्या मनात काय होते ते सांगायला नको.

जाता जाता: त्याच कारखाना कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतला रोग दिसला की तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचे असे, आणि बिसिनोसिस त्या अनुसूचीत होता. न कळवल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंत होता. या माणसाला दहा वर्षांत तपासलेल्या एकाही डॉक्टरने कळवले नव्हते. बहुतेकांना हे कलम माहीतच नसायचे, आणि दंडाची रक्कम पाहता सरकारलाही ते फारसे आठवत नसावे.

टोबॅको प्लस

डिसेंबर २०१९ च्या एका कागदावर ‘टोबॅको प्लस’ एवढेच लिहिले होते. गिरणीने त्याचा अर्थ विडी असा लावला. त्यात अर्जदाराची बायको विड्या वळते हे त्यांना कळले आणि उलटतपासणीत तिला तिथेच धरले.

“घरात विड्या असतात?”

“असतात की साहेब. हजार-हजार असतात.”

“मग मालक ओढत नाहीत?”

“त्या मोजून द्यायच्या असतात. आधीच छाट काढून पैसे कापतात. ह्यांना ओढायला दिल्या तर माझ्या हातात काय राहणार?”

कोर्टात हशा पिकला, पण मुद्दा पक्का बसला. तो तंबाखू खात होता, चुना लावून, दिवसातून सात-आठ वेळा. त्याने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. श्वासनलिकांचा हा अडथळा त्याने येत नाही. ‘टोबॅको प्लस’ लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला उपचारासाठी तेवढे पुरेसे वाटले असेल. त्या अधिकच्या चिन्हामुळे आमची एक पूर्ण तारीख गेली.

गिरणीने घरातल्या तंबाखूच्या धुळीचाही मुद्दा काढला. आमच्या तज्ज्ञांनी सांगितले की विडी वळणाऱ्या बायकांना श्वसनाचा त्रास होतो हे खरे, पण मग तो आधी वळणाऱ्या बाईला व्हायला हवा. तिची स्पायरोमेट्री करून घ्यायचे मी सुचवले होते. ती व्यवस्थित आली. टीबीचा मुद्दा एक्सरेवर पडला. टीबीने फुप्फुस इतके बिघडले असते तर व्रण दिसले असते, आणि थुंकी तर निगेटिव्हच होती.

चाळीस टक्के कशाचे?

इथपर्यंत आम्ही जिंकत होतो. मग आमच्याच तज्ज्ञांचे प्रमाणपत्र आडवे आले. त्यांनी लिहिले होते: ‘४० टक्के कायमचे अपंगत्व’. फुप्फुसाचे, सर्व शरीराचे की कमाईचे, याचा उल्लेख नाही. नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (तिथे इजांची टक्केवारी दिलेली असते) न बसणाऱ्या इजेसाठी कलम ४ प्रमाणे कमाईची क्षमता किती गेली ते पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने ठरवायचे असते. डॉक्टर अपंगत्व मोजायला शिकलेले असतात, कमाई मोजायला नाही. गिरणीचा वकील म्हणाला, चाळीस तर चाळीस, पण ते फुप्फुसाचे. कमाईची हानी शून्य, कारण डॉक्टरांनी ती लिहिलेलीच नाही.

तज्ज्ञांना पुन्हा पाचारण केले. त्यांनी सांगितले की धुळीचे कोणतेही काम यापुढे वर्ज्य, जिना चढणे किंवा वजन उचलणे जमणार नाही, बसून करायचे काम जमेल. या सगळ्याचा विचार करून कमाईची हानी ६० टक्के. वकीलबाईंना १०० हवे होते. त्यांच्या हातात प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल होता. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या सुताराला न्यायालयाने पूर्ण अपंग धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. युक्तिवाद चांगला, पण मला तो इथे ताणलेला वाटला. अर्जदार तोवर एका मंगल कार्यालयात रात्री राखणदारीला बसत होता आणि ते त्याने साक्षीत प्रामाणिकपणे सांगितले होते. आयुक्तांनी ६० टक्केच धरले.

तारीख

शेवटचा वाद तारखेचा, आणि पैशाच्या दृष्टीने तोच मोठा. व्यावसायिक रोगात अपघाताची तारीख नसते, म्हणून कलम १० ती मानून देते: रोगामुळे कर्मचारी सलग गैरहजर राहिला त्यातला पहिला दिवस. हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा मे २०१० पासून ८,००० रुपये होती. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ती १५,००० झाली. अर्जदाराचा पगार ११,०००. वय दोन्ही तारखांना पन्नास, कायद्याच्या कोष्टकातला त्या वयाचा गुणक १५३.०९.

गिरणी म्हणाली, अपघात १२ डिसेंबर २०१९ चा. म्हणजे ८,०००चे ६० टक्के (हे कायद्याने ठरवलेले) ४,८००, गुणिले १५३.०९, त्याचे ६० टक्के (ही कमाईची हानी): ४,४०,८९९ रुपये. आम्ही म्हणालो ५ मार्च २०२०. म्हणजे ११,०००चे ६० टक्के ६,६००, पुढचे गणित तेच: ६,०६,२३६ रुपये. रोगच नाही म्हणून दोन वर्षे भांडलेली गिरणी आता तो रोग तीन महिने आधीपासून होता असे सांगत होती. पर्यायी बचाव घ्यायला कायद्याची मनाई नाही, पण ऐकायला गंमत वाटते.

निकाल दिला तो एका चिठ्ठीने. डिसेंबरच्या कागदावर ताप, पिवळी थुंकी, छातीतला संसर्ग असे निदान होते आणि प्रतिजैविके दिली होती. ५ जानेवारीला त्याच डॉक्टरांनी ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ असा दाखला दिला होता. तो दाखला गिरणीनेच मागितला होता, त्याशिवाय आत घेणार नाही म्हणून. ६ जानेवारीपासून तो रुजू झाला आणि ४ मार्चपर्यंत त्याच कार्डिंग खात्यात त्याने पूर्ण पाळ्या भरल्या. डिसेंबरची गैरहजेरी संसर्गाची होती आणि ती मार्चच्या गैरहजेरीशी सलग नव्हती. टाळेबंदी २५ मार्चची, म्हणजे ‘गिरणी बंद होती म्हणून आला नाही’ हेही टिकले नाही.

आयुक्तांनी ६,०६,२३६ रुपये आणि एक महिना सोडून पुढे सालीना १२ टक्के व्याज असा आदेश दिला. दंड लावला नाही. रोगाबद्दल खराखुरा वाद होता, असे त्यांनी म्हटले. माझ्या मते ते योग्यच.

गिरणीने कलम ३० खाली उच्च न्यायालयात अपील केले. मालकाला त्यासाठी आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, ती भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे तिथे जातात, त्यामुळे हेही मुंबईहून तिकडे गेले. भरलेल्या रकमेपैकी काही भाग काढून घेण्याची परवानगी अर्जदाराला मिळाली आहे. अपिलात सोमवार, तंबाखू, टक्केवारी यांतले काहीच नाही. मुद्दा एकच ठेवला आहे, तारखेचा. कलम ३० खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय अपील चालत नाही, आणि माणूस कोणत्या दिवसापासून कशामुळे घरी बसला हा मला तरी वस्तुस्थितीचा प्रश्न दिसतो. पण गिरणीच्या वकिलाने तो ‘सलग’ या शब्दाच्या अर्थाचा प्रश्न म्हणून मांडला आहे आणि मधल्या दोन महिन्यांच्या कामाला तात्पुरता प्रयत्न म्हटले आहे. वकीलबाईंनी त्या दोन महिन्यांची हजेरी पाळीनिहाय लावून मागितली आहे. ती मी सध्या करतो आहे.